आजी असताना पाळणाघर: डोंबिवलीतल्या एका घराचा निर्णय

घरात आजी असताना मूल पाळणाघरात ठेवणं आपल्याकडे अजूनही कमीपणाचं मानलं जातं. या घराने तेरा महिन्यांच्या मुलीसाठी तेच केलं. निर्णय बरोबर होता, पण तो घेण्याच्या वाटेवर टाळता येण्यासारख्या चुकाही झाल्या. दोन्हींची नोंद इथे आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर आणि माणसं

डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्या-हॉलचा फ्लॅट. आई वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका कंपनीत हिशेब विभागात, हातात ५४,००० रुपये. बाबा ऐरोलीत, हातात ७६,०००. घराचा हप्ता ३३,२०० आणि गावी आई-वडिलांना दरमहा ६,०००. आई सकाळी ७:५० ला घर सोडायची आणि संध्याकाळी ७:४० च्या सुमारास परतायची. बाबा सव्वाआठला निघून जवळपास त्याच वेळेला घरी.

बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपायला आली तेव्हा मुलगी पाच महिन्यांची होती. आईच्या माहेरी तिच्या भावजयीचं बाळंतपण चालू होतं, त्यामुळे साताऱ्याकडच्या तालुक्याच्या गावाहून सासूबाई आल्या. वय ६३, रक्तदाबाची गोळी चालू, दोन्ही गुडघे दुखरे, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. आजोबा ६८ वर्षांचे, मधुमेही, गावच्या घरी एकटे राहिले. त्यांच्यासाठी शेजारच्या बाईंकडून दोन वेळचा डबा लावला.

किती महिन्यांसाठी यायचं, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. “मुलगी जरा मोठी होईपर्यंत” एवढंच ठरलं होतं. पुढचा सगळा गुंता या चार शब्दांत होता. ‘जरा मोठी’ म्हणजे आईच्या मनात शाळेत जाईपर्यंत, बाबांच्या मनात चालायला लागेपर्यंत आणि आजीच्या मनात दिवाळीपर्यंत.

कुठे अडलं

पहिले चार महिने व्यवस्थित गेले. मूल रांगायला लागलं की सांभाळण्याचं काम बदलतं. पाळण्यातल्या बाळाला वेळ द्यावा लागतो. रांगणाऱ्या आणि धरून उभं राहणाऱ्या मुलाला शरीर द्यावं लागतं. वाकणं, उचलणं, मागे धावणं, जमिनीवर बसणं आणि पुन्हा उठणं, हे सगळं गुडघ्यांवर येतं. अकराव्या महिन्यापर्यंत आजीने यावर स्वतःपुरता उपाय शोधला होता: मुलीला उंच खुर्चीत बसवायचं, समोर मोबाईल लावायचा आणि भरवायचं. मग दुपारी आडवं होता यावं म्हणून टीव्ही.

दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नये, असं बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आईला ते माहीत होतं, तिने दोनदा सांगूनही पाहिलं. आजी “बरं” म्हणाल्या. मोबाईल चालूच राहिला, कारण तो ज्यामुळे लागत होता ते कारण तसंच होतं. दिवसाचे साडेअकरा तास एकट्या माणसाने तेवढ्या चपळ मुलीला मोबाईलशिवाय सांभाळायचं कसं, याचं उत्तर कोणी दिलं नव्हतं.

मग आईने २,२०० रुपयांचा कॅमेरा हॉलमध्ये बसवला आणि चोरीच्या भीतीने बसवला असं सांगितलं. नवव्या दिवशी दुपारी दोनला तिने ऑफिसमधून फोन केला, “आई, टीव्ही बंद करता का जरा?” त्या क्षणी आजीला कॅमेरा कशासाठी आहे ते कळलं. त्या काही बोलल्या नाहीत. टीव्ही बंद केला, संध्याकाळी नेहमीसारखी भाजी-भाकरी केली आणि रात्री मुलाला एकटं गाठून म्हणाल्या, “मला गावाला सोडून ये.”

याच सुमारास आजोबांच्या रक्तातल्या साखरेचा तीन महिन्यांच्या सरासरीचा अहवाल आला: आठ महिन्यांपूर्वी ७.१ होता, आता ९.४. डब्यात रोज भात आणि बटाटा येत होता, आणि गोळ्या वेळेवर घेतल्या का हे विचारायला घरात माणूस नव्हतं.

पहिला वळणाचा निर्णय: भांडण कुठल्या गोष्टीचं आहे

कॅमेऱ्यावरून दोन दिवस अबोला झाला. बहुतेक घरांत इथे सासू-सुनेचं जमत नाही असा निष्कर्ष निघतो आणि पुढचे निर्णय त्यावर उभे राहतात. इथे रविवारी बाबांनी आजीशेजारी बसून एका वहीत तिचा दिवस लिहून काढला. “तू उठतेस किती वाजता? मग?” सुरुवातीला “काय लिहितोस, सगळं असतंच की” असं झालं. पण पान भरायला लागलं तसं आजी स्वतःच आठवून सांगू लागल्या. सव्वासहाला उठणं, दूध तापवणं, दोन डबे, मुलीची आंघोळ, तीन वेळचं भरवणं, दोनदा झोपवणं, तेरा-चौदा लंगोट-कपडे, मधल्या वेळात संध्याकाळच्या भाजीची निवड, रात्री साडेआठला जेवणं. सव्वाचौदा तास भरले. दुसऱ्या दिवशी बाबा घरून काम करत होते. त्यांनी सकाळी आठ ते संध्याकाळी सहापर्यंत आजी मुलीला किती वेळा उचलून घेतात तेवढंच मोजलं. चौतीस वेळा, आणि मुलीचं वजन होतं नऊ किलो.

देशभरच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं आणि पुरुषांचा ९७ मिनिटं निघाला होता. या घरातला हिशेब त्याहून एकतर्फी होता, कारण सुनेच्या वाट्याचं कामही आजीच्या अंगावर सरकलं होतं. नोकरी करणाऱ्या सुनेच्या घरात काम कमी होत नाही, ते दुसऱ्या बाईकडे जातं. ती बाई पगारी असेल तर तास ठरतात, सुट्टी ठरते. आजी असेल तर काहीच ठरत नाही. हे बोलून दाखवलं की लोक दुखावतात, “आजीच्या मायेचा हिशेब करता?” म्हणतात. माया कोणी मोजत नाही. तास मात्र मोजावेच लागतात, नाहीतर मोतीबिंदूचं ऑपरेशन आठ महिने मागे पडतं. आजीने ते खरंच मागे टाकलं होतं आणि त्या दिवसापर्यंत घरात कोणाला सांगितलंही नव्हतं. गावचं भजनी मंडळ सुटलं होतं, तेही त्याच पानावर आलं.

पान भरल्यावर प्रश्न बदलला. आजी का ऐकत नाहीत, याऐवजी एका ६३ वर्षांच्या बाईने हे काम करावं का, असा तो झाला.

तोललेले पर्याय

आईने नोकरी सोडायची, हा पर्याय नातेवाइकांनी सर्वांत आधी पुढे केला. “पाळणाघराची फी, गाडीभाडं, बाहेरचं खाणं धरलं तर हातात उरतं काय?” ही बेरीज-वजाबाकी नेहमी ऐकू येते आणि ती मुळात चुकीची मांडलेली असते. मूल दोघांचं, पण फी फक्त आईच्या पगारातून वजा. घराच्या एकूण १,३०,००० मधून फी वजा करून पाहिली तर चित्र वेगळं दिसतं. शिवाय हातातला पगार म्हणजे सगळं उत्पन्न नव्हे. आईचा मूळ पगार २९,०००. त्यावर भविष्य निर्वाह निधीत कंपनीच्या वाट्याचे दरमहा ३,४८० येत होते. नोकरीला चार वर्षं चार महिने झाली होती. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजाही सलग सेवेत धरली जाते. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम, मिळायला लागणाऱ्या पाच वर्षांना आठ महिने कमी होते. त्या वेळी राजीनामा दिला असता तर पाच वर्षं भरल्यावर, दर वर्षामागे मूळ पगाराच्या १५ भागिले २६ या सूत्राने, मिळणारे सुमारे ८३,६५० रुपये गेले असते. आणि एका पगारावर हप्ता व गावचे पैसे जाऊन उरत होते ३६,८००, तर महिन्याचा घरखर्च ३९,००० च्या आसपास. हा पर्याय आकड्यांवरच पडला. आईला नोकरी सोडायची नव्हती, हे कारण त्याआधीच पुरेसं होतं.

आजीच्या मदतीला दिवसभराची बाई ठेवणं, हा दुसरा पर्याय. एजन्सीने अकरा तासांचे १७,००० आणि एक महिन्याचा पगार कमिशन सांगितलं. उचलाउचल कमी झाली असती. पण आजीला गावी जायचं होतं आणि आजोबांची साखर तशीच राहिली असती. आजी गेल्यावर फक्त बाईवर मूल सोपवायचं, तर बंद दाराआड एकच मोठं माणूस आणि अजून बोलता न येणारं मूल, असा प्रसंग होतो. चांगल्या बाया असतातच. पण बाई एक दिवस आली नाही तर सगळं अडतं, आणि काही चुकलं तर ते पाहणारं दुसरं माणूस नसतं.

मुलीला आजीबरोबर गावी ठेवायचं, असं आजोबांनी सुचवलं. असं करणारी घरं कमी नाहीत. ते आजीनेच दोन मिनिटांत मोडलं: “मग माझं काय सुटलं त्यात?” गुडघे गावातही तेच असणार होते, आणि मुलगी आई-बाबांना पंधरा दिवसांतून एकदा भेटणार.

आईच्या ऑफिसचं पाळणाघरही होतं. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय देणं बंधनकारक झालं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येता येतं. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दोन वेळा वेगळी सुट्टीही मिळते. कागदावर हक्क पक्का. पण सकाळी आठला डोंबिवलीहून कुर्ल्याला तेरा महिन्यांचं मूल जलद लोकलने न्यायचं आणि संध्याकाळी उलट गर्दीतून आणायचं, हे ज्याने ती गाडी पाहिली आहे त्याला समजावून सांगायला नको. लांबून येणाऱ्या आईला घराजवळचंच पाळणाघर उपयोगी पडतं.

उरलं घराजवळचं पाळणाघर. त्यात अडचण वेळेची होती: बहुतेकांची वेळ साडेसात ते साडेपाच किंवा सहा, आणि दोघं घरी येणार पावणेआठला. इथे आईने एक प्रश्न विचारला, जो तोवर कोणी विचारला नव्हता: “तुझी वेळ बदलत नाही का?” बाबांच्या कंपनीत सात ते चारची पाळी होती. ती घेतली तर ते सव्वापाचला डोंबिवलीत. पण त्या पाळीत गटप्रमुखाचं पद नव्हतं, आणि त्यांचं नाव वर्षभरापासून त्यासाठी घेतलं जात होतं.

काय केलं

बाबांनी पाळी बदलून घेतली. पदाचा विषय तिथे संपला. पुढच्या पगारवाढीत त्याचा फरक दिसला.

पाळणाघरं तीन पाहिली, प्रत्येक दोनदा: एकदा सांगून आणि एकदा न सांगता, दुपारी साडेतीनला. मुलं झोपेतून उठण्याची ती वेळ असते. सगळ्यांना एकदम लंगोट, पाणी, खाऊ हवा असतो. माणसं कमी असतील तर तेव्हाच कळतं. पहिल्या ठिकाणी चौदा मुलांना एक ताई. दुसरं रंगीबेरंगी, फी १४,०००, पालकांना मोबाईलवर कॅमेरा, पण न सांगता गेले तेव्हा सगळी मुलं टीव्हीसमोर. तिसरं तळमजल्यावरच्या घरात, एक निवृत्त बालवाडी शिक्षिका आणि दोन मदतनीस, नऊ मुलं, फी ८,५००, डबा घरचा, उशीर झाला तर अर्ध्या तासाला १०० रुपये. भिंतींचा रंग उडालेला होता. पण लंगोट बदलायची जागा स्वयंपाकघरापासून वेगळी होती, प्रत्येक मुलाची चादर वेगळी होती, गॅसच्या खोलीला उंच कडी होती आणि मूल कोणाच्या हाती द्यायचं याची सही केलेली यादी दाराशी लावली होती. यादीबाहेरच्या माणसाला, तो सख्खा काका असला तरी, मूल देत नाहीत. तिसरं निवडलं.

नातेवाइकांना सांगायचं कोणी, हेही ठरवून केलं. असल्या बातमीचा दोष सुनेवर जातो, हे या घराला ठाऊक होतं. म्हणून बाबांनी आत्याला, काकांना स्वतः फोन केले आणि “मी ठरवलंय” असं सांगितलं. आत्या तरी म्हणालीच, “आई जिवंत असताना नात परक्याकडे?” पण ते ऐकायला फोनवर सून नव्हती.

आजीशी बोलणं त्याहून अवघड होतं. गावी जायची इच्छा त्यांचीच होती, तरी पाळणाघर ठरल्यावर त्यांना लागलं. “माझ्यात काय कमी पडलं?” असं त्यांनी सुनेला विचारलं. तिने कॅमेऱ्याबद्दल माफी मागितली, “तुम्हाला न सांगता लावला, ते चुकलं माझं” असं सरळ शब्दांत, आणि तो त्यांच्यासमोर काढला. त्यानंतर पाळणाघरात मुलीला रुळवायला आजी दहा दिवस राहिल्या.

ते दहा दिवस असे गेले. पहिले दोन दिवस एक तास, आजी कोपऱ्यात बसलेल्या. तिसऱ्या दिवशी मुलगी खेळात रमलेली पाहून आजी हळूच निघून आल्या. तिथे घसरलं. मान वळवल्यावर आजी नाहीत म्हटल्यावर ती चाळीस मिनिटं रडली आणि चौथ्या दिवशी दारातूनच कमरेला मिठी मारून बसली. ताईंनी सांगितलं: चोरून जायचं नाही, “येते हं” म्हणून हात हलवून जायचं, रडली तरी. रडणं थांबायला वेळ लागतो, पण माणूस सांगून जातं आणि परत येतं हे मुलाला कळलं पाहिजे. पाचव्या दिवशी पुन्हा एक तासापासून सुरुवात, सातव्या दिवशी जेवणापर्यंत, नवव्या दिवशी तिथे झोप. झोपेसाठी आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी दिली होती. दहाव्या दिवशी साडेतीनपर्यंत राहिली. पूर्ण दिवस मात्र आणखी दोन आठवड्यांनी जमला, आणि त्या काळात आईने रोज अर्धा दिवस रजा टाकली.

पुढे काय झालं

पहिल्या दहा आठवड्यांत मुलगी चार वेळा आजारी पडली. तीनदा सर्दी-ताप, एकदा हात-पाय-तोंडावर पुरळ येणारा विषाणूचा आजार. त्यात आठवडाभर पाळणाघर बंद. औषधाशिवाय ताप २४ तास नसेल तरच परत घ्यायचं, असा पाळणाघराचा नियम, आणि तो योग्यच आहे. पण या दिवसांची तयारी कोणी केली नव्हती. एकूण १३ दिवस रजा पडल्या: आईच्या सात, त्यातल्या तीन बिनपगारी, बाबांच्या सहा. दुसऱ्या आजारपणात सकाळी सहाला “आज तू की मी” यावर कडाक्याचं भांडण झालं. त्यानंतर आळीपाळीने रजा घ्यायची असं ठरवून कॅलेंडरवर लिहिलं. डॉक्टरांनी फ्लूची लस सुचवली, पण पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. पाळणाघर सुरू झाल्यावर ती सुरू केली, त्यामुळे सर्वांत वाईट आठवड्यांत तिचा उपयोग झाला नाही. पाचव्या महिन्यापासून आजारपण महिन्याला एखाद्या सर्दीवर आलं.

मोबाईलशिवाय जेवण तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं. त्यासाठी वेगळं काही केलं नाही. नऊ मुलं एका सतरंजीवर बसून जेवतात, तिथे ती बघून खायला शिकली.

आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गावी गेल्यावर दीड महिन्यात झालं. आजोबांची सरासरी चार महिन्यांत ७.८ वर आली. आठ महिन्यांच्या कामाचे पैसे द्यावेत असं बाबांच्या मनात होतं. रोख पुढे केल्यावर आजी रागावल्या, आणि ते स्वाभाविक होतं. मग गुडघ्यांचा विचार करून गावच्या घरी भारतीय संडास काढून कमोड बसवला, भिंतीला धरायला दांडा लावला, १८,५०० रुपये. त्याला त्या नाही म्हणाल्या नाहीत. आजोबा मात्र अजून पाळणाघराला नाव ठेवतात.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठी चूक पहिल्या दिवशीची. आजी यायच्या आधीच मुदत ठरायला हवी होती: किती महिने, आठवड्यातला कुठला दिवस सुट्टीचा, महिन्यातून किती दिवस गावी. आजीची तब्येतही आधी दाखवून घ्यायला हवी होती. मोतीबिंदू आणि गुडघे एका तपासणीत कळले असते, आणि बसून सांभाळायच्या वयापुरतीच ही व्यवस्था, हेही.

पाळणाघर दहाव्या महिन्यापासून रोज तीन तास लावलं असतं, तर आजी घरी असतानाच मुलगी रुळली असती, आजीला दुपार मिळाली असती आणि आजारपणाच्या पहिल्या फेरीत घरात माणूस असतं. दोनांपैकी एकच व्यवस्था निवडायला हवी, हे या घराने उगाच गृहीत धरलं. लसही तेव्हाच झाली असती.

कॅमेऱ्याचं उत्तर सोपं आहे. लावायचा तर सांगून, आणि आजीवर तर लावायचाच नाही. जिच्यावर मूल सोपवलं तिच्यावर लक्ष ठेवावंसं वाटतं, तेव्हा तिचे तास आधी मोजावेत.

पाळी बदलण्याचा प्रश्न आठ महिने उशिरा विचारला गेला. रजा संपण्याआधी विचारला असता तर आजीचा दिवस अडीच तासांनी लहान झाला असता आणि कदाचित त्या वर्षभर आनंदाने राहिल्या असत्या. बाबांनी तो स्वतःहून विचारला नाही, कारण आजी घरी आहे म्हणजे सोय झाली, असं त्यांनी मानलं होतं.

पाळणाघर मे महिन्यात बारा दिवस बंद असतं. या वर्षी ते कळल्यावर बाबांनी गावी फोन केला आणि “येशील का” एवढंच विचारलं. आजीने दुसऱ्या दिवशी फोन करून तारखा सांगितल्या: सहाला येते, अठराला मला गाडीत बसवून द्यायचं, एकोणीसला मंडळाचं भजन आहे.